खोक्यावरचा वेग आणि गल्ल्यावरचा वेग

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

शितावरून भाताची परीक्षा, असे आपल्याकडे म्हणतात. कन्नडमध्येही एक अगुळ चेपून अन्न शिजले की नाही हे पाहण्याचा दाखला देतात. हा अनुभव खोटा नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ते शीत आपल्याच चुलीवरच्या, आपल्याच भांड्यातले असले पाहिजे. दुकानदाराने स्वतःच्या भांड्यातले शीत दाखवून "तुमचाही भात असाच होईल" असे सांगितले, तर कोणतीही गृहिणी ते ऐकून घेणार नाही. संगणक खरेदी करताना मात्र आपण शहाणीसुरती माणसे नेमके हेच ऐकून घेतो. खोक्यावर छापलेला वेग वाचतो, मान डोलावतो आणि पैसे मोजतो.

हा लेख संगणकाच्या डिस्कविषयी आहे. विज्ञान विभागाचा विषय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने कशाला हाती घ्यावा, असे काही वाचकांना वाटेल. माझे म्हणणे याच्या उलट आहे. डिस्कवर मुद्दाम कृत्रिम भार टाकून तिची परीक्षा घेणे, आणि त्याच वेळी ती प्रत्यक्षात काय करते आहे यावर वेगळी नजर ठेवणे, हे काम स्वभावाने हिशेबतपासनिसाचे आहे. ते आपण शिकलो नाही, तर त्याची किंमत आपल्या पतपेढ्या, आपली दुकाने आणि गल्ल्यावर बसणारी माणसे मोजत राहतील.

प्रथम डिस्कची ओळख करून घेऊ. फिरत्या चकतीवर माहिती साठवण्याची कल्पना आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. त्या पहिल्या यंत्रात पन्नास चकत्या होत्या आणि सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज आपल्या टेबलावरच्या हार्ड डिस्कमध्ये त्याच्या लक्षावधी पट माहिती मावते, पण मूळ रचना तीच आहे : चकती फिरते आणि तिच्यावर एक वाचक-सुई पुढेमागे सरकते. सामान्य डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद. आणि सुई योग्य वर्तुळावर सरकण्यास साधारण नऊ. एकूण तेरा मिलिसेकंद. याचा अर्थ, इकडची एक नोंद, तिकडची एक नोंद असे विखुरलेले काम असेल, तर ही डिस्क सेकंदाला सुमारे पंचाहत्तर नोंदी काढते. एक नोंद चार किलोबाइटची धरली, तर सेकंदाला तीनशे किलोबाइट झाले.

हीच डिस्क एखादा लांबलचक चित्रपट सलग वाचू लागली, की सुईला हलावे लागत नाही आणि वेग सेकंदाला दीडशे मेगाबाइटपर्यंत जातो. म्हणजे डिस्क तीच, आणि फरक पाचशे पट! खातेवही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटणे वेगळे, आणि दर वेळी वेगळ्या आसामीचे खाते शोधून काढणे वेगळे. खोक्यावर कोणता वेग छापतात, हे सांगण्याची गरज नाही. खोटे असे त्यात काहीच नाही. फक्त तो वेग तुमच्या कामाचा नाही.

मला या गोष्टीचे महत्त्व ग्वाल्हेरला कळले. या जानेवारीत मामेभावाच्या लग्नासाठी मी तेथे पंधरा दिवस होते. लष्कर भागात मामांचे औषधांचे घाऊक दुकान आहे. तीन गल्ले, आणि तिन्ही गल्ल्यांची बिले एकाच संगणकाच्या डिस्कवर. औषधाचे एक बिल म्हणजे किती बारीक नोंदी! औषधाचे नाव, बॅच, मुदत, शिल्लक, दर, कराचा टक्का, गिऱ्हाइकाची मागची बाकी. सायंकाळी सहा ते आठ या वेळात एकेका बिलाला दहा-बारा सेकंद लागत. गिऱ्हाईक ओरडे ते गल्ल्यावरच्या मुलावर. "हात चालव" हे तर दिवसातून वीसदा. त्याच्या जागी दुसरा चलाख मुलगा ठेवावा, असे बोलणेही घरात सुरू झाले होते.

त्याच दिवसांत ग्वाल्हेरची जत्रा भरली होती. १९०५ साली माधवराव शिंदे यांच्या काळात सुरू झालेला हा व्यापार मेळा आजही भरतो आणि त्यात गाड्यांपासून टी.व्ही.पर्यंत सर्व काही विकायला येते. मामांना संगणक पुरवणाऱ्या विक्रेत्याने सांगितले, "मेळ्याच्या दिवसांत सवलत आहे, मोठी डिस्क घेऊन टाका. हिचा वेग दीडशे, नवीचा दोनशेदहा." मामा जवळजवळ तयार झाले होते. मी म्हटले, "मामा, दोन दिवस थांबता का? आधी आहे ती डिस्क काय करते ते पाहू." मामा हसून म्हणाले, "अगं, तू कॉमर्सवाली. तुला त्यातले काय कळणार? पण बघ बापडी."

पाहण्याचे साधन विकत आणावे लागत नाही. विंडोज असलेल्या प्रत्येक संगणकात 'परफॉर्मन्स मॉनिटर' असतो. लिनक्सवर 'आयोस्टॅट' नावाची आज्ञा आहे. दोन्ही मुख्यतः चार गोष्टी सांगतात : सेकंदाला किती व्यवहार झाले, एकेक व्यवहार केवढा, एकेकाला किती वेळ लागला, आणि रांगेत किती थांबले आहेत. सायंकाळी सहानंतर मामांच्या डिस्कचे आकडे असे होते : सेकंदाला सुमारे सत्तर व्यवहार, प्रत्येक चार ते आठ किलोबाइटचा, रांगेत सहाच्या आसपास, आणि प्रत्येकाला ऐंशी ते नव्वद मिलिसेकंद. हे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही, हे पाहण्याचीही सोय आहे. सेकंदाचे व्यवहार गुणिले प्रत्येकाचा वेळ, बरोबर रांगेची लांबी. सत्तर गुणिले ०.०८६ म्हणजे सहा. जॉन लिटल या गणितज्ञाने १९६१ साली या नियमाची सिद्धता दिली. रेशनच्या रांगेलाही तो लागू पडतो.

आता वरचा हिशेब आठवा. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची विखुरलेल्या कामातली मजल पंचाहत्तरच्या आसपासच. म्हणजे ही डिस्क आपल्या ताकदीच्या शेवटाला आली होती. विक्रेत्याची नवी डिस्कही ७२०० फेऱ्यांचीच होती. सलग वाचनाचा वेग दीडशेचा दोनशेदहा झाला असता, पण मामांच्या कामात सलग वाचन होते कोठे? पैसे गेले असते आणि रांग तेथेच राहिली असती. आणि गल्ल्यावरचा मुलगा? त्याच्या बोटांचा वेळ बाजूला काढून पाहिला, तेव्हा दहा-बारा सेकंदांतले बहुतेक सेकंद डिस्कच्या रांगेचे निघाले. त्याला काढण्याचे बोलणे त्या दिवशी थांबले.

नुसते पाहणे मात्र पुरेसे नाही. नवी वस्तू घेताना ती आपल्या कामाला पुरेल का, हे घेण्याआधी कळले पाहिजे. आणि न घेतलेल्या डिस्कवर आपले दुकान चालवून पाहता येत नाही. येथे कृत्रिम भार निर्माण करणारी साधने उपयोगी पडतात. 'एफ.आय.ओ.' हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. लिनक्समधील डिस्कविषयक भागाची जबाबदारी सांभाळणारे येन्स आक्सबो यांनी ते लिहिले. प्रत्येक चाचणीसाठी नवी आज्ञावली लिहिण्याचा त्यांना कंटाळा आला होता, म्हणून सर्व प्रकारचे भार एकाच आज्ञावलीतून सांगता यावेत अशी सोय त्यांनी केली. ते फुकट मिळते आणि विंडोजवरही चालते. मायक्रोसॉफ्टचेही 'डिस्कस्पीड' नावाचे असेच साधन आहे. त्याला आपण सांगायचे : नोंदी चार किलोबाइटच्या, विखुरलेल्या, शंभरातल्या सत्तर वाचायच्या व तीस लिहायच्या, एका वेळी तीन माणसे काम करणार, आणि हे दहा मिनिटे चालवायचे. हे सांगण्यासाठी आपले काम आपल्याला ठाऊक असावे लागते. ते आधी नजर ठेवूनच कळते. म्हणून निरीक्षण पहिले आणि परीक्षा दुसरी.

आता माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा. दुकान बंद झाल्यावर मी मामांसमोर ही परीक्षा मुद्दाम दोन प्रकारे घेतली. प्रथम चाचणीची फाइल लहान, एक गिगाबाइटची ठेवली. साधनाने सांगितले, सेकंदाला हजारो नोंदी! मामांचे डोळे विस्फारले. शेजारच्या खिडकीत परफॉर्मन्स मॉनिटर उघडा होता. त्यात डिस्क जवळजवळ स्वस्थ बसलेली दिसत होती. मग काम कोण करीत होते? संगणकाची मेमरी. एकदा वाचलेली लहान फाइल मेमरीत राहते आणि पुन्हा मागितली की तेथूनच मिळते. दुसऱ्या वेळी संगणकाच्या आठ गिगाबाइट मेमरीपेक्षा दुप्पट मोठी फाइल घेतली आणि मेमरीला वगळून थेट डिस्कशी बोलण्यास सांगितले. आकडा सत्तर-ऐंशीवर आला आणि दोन्ही खिडक्यांचा मेळ बसला.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला येथे काय आठवावे? बँक ताळमेळ पत्रक! कीर्द आपली, पासबुक बँकेचे. दोन्ही एकाच खात्याचे, तरी महिनाअखेर शिल्लक वेगळी. का? आपण चेक दिला, कीर्दीत खर्च टाकला, पण तो अजून बँकेत वटलाच नाही. डिस्कचे असेच असते. आज्ञावली म्हणते "लिहिले", मेमरी म्हणते "पोचले", आणि नोंद अजून चकतीवर उतरलेलीच नसते. न वटलेला चेकच तो. त्याच क्षणी वीज गेली तर चेक हरवला. म्हणून चांगल्या परीक्षेत "प्रत्येक नोंद खरोखर डिस्कवर उतरल्यावरच पुढे जा" अशी अट घालता येते, आणि ती घातली की पुष्कळ भपकेबाज आकडे खाली येतात. पैशांचे व्यवहार ठेवणाऱ्या संस्थेने ही अट न घालता केलेली परीक्षा मानूच नये.

ताळमेळात फरक निघाला की लगेच कोणी चोर ठरत नाही, हेही आपण शिकतो. फरकाचे कारण शोधायचे असते. डिस्ककडे कधी कमी व्यवहार दिसतात, कारण शेजारच्या दोन नोंदी यंत्रणेने एकत्र बांधून पाठवल्या. कधी जास्त दिसतात, कारण मूळ नोंदीबरोबर सुरक्षेसाठी एक रोजकीर्द लिहिली जाते. प्रत्येक फरकाला नाव मिळाले पाहिजे. भार टाकणाऱ्या साधनाचा आकडा म्हणजे कीर्द, आणि डिस्कवर नजर ठेवणाऱ्या साधनाचा आकडा म्हणजे पासबुक. केवळ एकाच्या आधारावर निष्कर्ष काढणाऱ्याला आपले प्राध्यापक नापास करतील. मग खरेदी समितीने तसे केले तर चालते कसे?

संगणकाच्या इतिहासातही या कामाची सुरुवात बँकेच्या गल्ल्यावरच झालेली आहे. १९८५ साली जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नावे न देता एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यात 'डेबिट-क्रेडिट' नावाची परीक्षा मांडली. एका काल्पनिक बँकेच्या एक हजार शाखा, दहा हजार रोखपाल, एक कोटी खाती. खातेदार येतो, पैसे भरतो किंवा काढतो. खाते, रोखपाल आणि शाखा या तिन्हींच्या शिलका बदलतात आणि इतिहासात एक नोंद होते. अशा व्यवहारांपैकी ९५ टक्के एका सेकंदाच्या आत झाले पाहिजेत, ही अट. आणि शेवटचे उत्तर नुसत्या वेगात नाही, तर दर सेकंदी एका व्यवहारामागे यंत्रणेची किंमत किती पडते, यात. वेग आणि पैसा एकाच ओळीत! पुढे काही कंपन्या या परीक्षेतल्या गैरसोयीच्या अटी गाळून मोठमोठे आकडे छापू लागल्या. तेव्हा १९८८ साली एक सामाईक परिषद स्थापन झाली आणि तिने लेखी नियम केले. अडचण यंत्रात नव्हती, हिशेब सादर करण्यात होती.

या ९५ टक्क्यांच्या अटीकडे विशेष लक्ष द्यावे. सरासरी ही फसवी असते. शंभर गिऱ्हाइकांपैकी नव्वदांचे बिल एका सेकंदात निघाले आणि दहांना वीस सेकंद थांबावे लागले, तर सरासरी तीन सेकंदांच्याही खाली येते आणि कागदावर सर्व ठीक दिसते. पण ओरडतात ते दहा जण, आणि बोलणी खातो तो गल्ल्यावरचा माणूस.

काम सांगितल्याशिवाय माप अपुरे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते असे मला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर वाटले. किल्ल्याच्या चढणीवर चतुर्भुजाचे लहानसे कोरीव देऊळ आहे. तेथील इसवी सन ८७६ च्या शिलालेखात शून्याचे चिन्ह आहे, म्हणून जगभरचे लोक ते पाहायला येतात. मला मात्र त्यातला मजकूर आवडला. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, एवढे सांगून लेख थांबत नाही. रोज पन्नास माळा देवाला पोचाव्यात हेही तो सांगतो. बाग केवढी, हे खोक्यावरचे माप. रोज माळा किती, हे कामाचे माप. अकराशे वर्षांपूर्वीच्या दात्याने दोन्ही लिहून ठेवली. आज आपल्या निविदांत मात्र पहिलेच माप असते.

आता काही आक्षेप. "एवढा खटाटोप कशाला? फिरत्या चकतीऐवजी एस.एस.डी. घ्यावी आणि मोकळे व्हावे." हा सल्ला बऱ्याच अंशी बरोबर आहे. तिच्यात फिरणारे काही नसल्यामुळे विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला हजारोंनी काढते. मामांनीही शेवटी लहानशी एस.एस.डी. घेतली, तीही घेण्यापूर्वी वरच्याच परीक्षेला बसवून. पण तिच्या खोक्यावर छापलेले लाखाच्या घरातले आकडेही बहुधा एका वेळी बत्तीस मागण्या रांगेत ठेवून काढलेले असतात. एका वेळी एकच मागणी करणाऱ्या आज्ञावलीला त्यातला थोडासाच हिस्सा मिळतो. शिवाय स्वस्त प्रकारांत लिहिण्याची वेगवान जागा थोडीच असते. ती भरली की लिहिण्याचा वेग घसरतो. दोन मिनिटांच्या परीक्षेत हे दिसत नाही, वर्षअखेरच्या कामात दिसते.

दुसरा आक्षेप असा की कृत्रिम भार हा शेवटी कृत्रिमच. खरे आहे. सराव परीक्षा म्हणजे वार्षिक परीक्षा नव्हे. पण म्हणून सराव परीक्षा कोणी बंद केलेली नाही. उलट, खऱ्या दिवसापेक्षा कठीण दिवसाची तयारी त्यातूनच करता येते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. दूरसंचार जोडण्यांतील बिघाड आणि त्या वेळी साठवण यंत्रणेचे अनपेक्षित वागणे, अशी कारणे बाजाराने नंतर दिली. एवढ्या मोठ्या संस्थेला जे चुकले नाही, ते आपल्या गावच्या पतपेढीला चुकेल असे नाही. चांगल्या दिवसाचा वेग सर्वांनाच ठाऊक असतो. वाईट दिवसाचा मुद्दाम मापावा लागतो.

तिसरा आक्षेप प्राध्यापकांकडून येईल : हे अभियंत्यांचे काम. अभियंता यंत्र बनवील आणि दुरुस्तही करील. पण मालाचे वजन करण्यासाठी आपण तराजू बनवणाऱ्याला बोलावत नाही. वजन पाहणे हे पैसे देणाऱ्याचे काम आहे. एक सावधगिरी मात्र हवी : परीक्षा नेहमी वेगळ्या फाइलवर घ्यावी. सबंध डिस्कवर थेट लिहिण्याची आज्ञा दिली, तर आतली माहिती पुसली जाते.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या महाविद्यालयात संगणकाच्या प्रात्यक्षिकांत दोन तास तरी या विषयाला द्यावेत. एक तास नुसते पाहण्याचा, दुसरा भार टाकून ताळमेळ घालण्याचा. दुसरी, संस्थांनी खरेदीच्या निविदेत मेगाबाइटच्या आकड्याऐवजी आपले काम लिहावे : इतके गल्ले, इतक्या बारीक नोंदी, ९५ टक्के व्यवहार अमुक वेळेच्या आत, आणि प्रत्येक नोंद डिस्कवर उतरलेली. तिसरी, या साधनांची माहिती इंग्रजीत ढीगभर आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये शोधावी लागते. मापाला कन्नडमध्ये 'अळते' म्हणतात; शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहेत. आपल्या या अंकाच्या दोन्ही विभागांत दर वर्षी अशी एखादी ताळमेळाची हकीकत यावी, आकड्यांसकट.

आपण हिशेब शिकतो तो केवळ नफा-तोटा काढण्यासाठी नव्हे. दोष कोणाच्या खात्यावर टाकायचा, हेही हिशेबच ठरवतो. मापले नाही तर तो नेहमी सर्वांत खालच्या माणसाच्या नावे पडतो, कारण तोच समोर बसलेला असतो.